म्हसवडमध्ये ‘निमो’ आणायचाय? मग त्याला आधी महिनाभर क्वारंटाइन करा

२०२० च्या उन्हाळ्यात क्वारंटाइन हा शब्द गावोगावी पोहोचला. मुंबई-पुण्याहून आलेला माणूस कितीही ठणठणीत दिसला, तरी त्याला १४ दिवस गावच्या शाळेत नाहीतर रानातल्या वस्तीवर वेगळं राहावं लागायचं. कारण साधं होतं. आजार अंगात असतो, पण दिसत नसतो.

खाऱ्या पाण्यातले मासे पाळणारे जाणकार हा नियम कोरोनाच्या कितीतरी आधीपासून पाळत आलेत. जे पाळत नाहीत, त्यांची अख्खी टाकी एका नव्या माशापायी काही दिवसांत रिकामी होऊ शकते.

‘फाइंडिंग निमो’ हा सिनेमा २००३ साली आला आणि केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाउनफिश घराघरांत माहीत झाला. आता रील बघून तालुक्याच्या गावातही असा टँक असावा असं अनेकांना वाटतं. पण म्हसवडसारख्या ठिकाणी हा छंद करायचा, तर मासा विकत घेण्याआधी काही गोष्टी समजून घ्याव्या लागतात.

म्हसवडमध्ये वेगळं काय?

मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये मरीन ड्राइव्हवर सुरू झालं. रस्ता ओलांडला की अरबी समुद्र. म्हसवड आहे साताऱ्याच्या माण तालुक्यात, पर्जन्यछायेच्या दुष्काळी पट्ट्यात. इथं समुद्र आणायचा म्हणजे तो बादलीत बनवायचा.

त्यासाठी आरओचं पाणी आणि मत्स्यालयासाठी मिळणारं समुद्री मीठ लागतं. एका लिटरला साधारण ३५ ग्रॅम, म्हणजे १०० लिटरच्या टाकीला साडेतीन किलो. जेवणातलं मीठ चालत नाही, कारण त्यात समुद्रातले कॅल्शियम, मॅग्नेशियमसारखे बाकीचे क्षार नसतात. बोअरचं पाणी थेट वापरलं, तर त्यातल्या नायट्रेटमुळं टाकीत शेवाळ माजू शकतं.

आरओ मशीन एक लिटर शुद्ध पाण्यामागं दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकतं. जिथं उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते, तिथं हे पाणी फरशी पुसायला आणि संडासाला वापरलंच पाहिजे.

कोरड्या हवेत टाकीतलं पाणी भराभर उडतं, पण मीठ मागंच राहतं. त्यामुळं रोजची भर साध्या आरओच्या पाण्यानं घालायची, खाऱ्या पाण्यानं नाही.

एवढी तयारी झाली, तरी लगेच मासे आणायचे नाहीत. माशांच्या विष्ठेतून तयार होणारा अमोनिया पचवणारे जिवाणू टाकीत वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. ते नसतील, तर निरोगी मासाही मरतो.

कोणाचं कोणाशी जमतं?

गोड्या पाण्यातले गप्पी किंवा मोली घोळक्यानं ठेवता येतात. प्रवाळातल्या बऱ्याच माशांची गोष्ट वेगळी आहे. त्यांची आपली-आपली हद्द असते आणि ती राखायला ते जिवावर उठतात. समुद्रात हरलेला मासा पळून जातो. टाकीत पळायला जागा नसते.

म्हणून दुकानात शिरण्याआधीच यादी करावी. प्रत्येक नावापुढं चार प्रश्न लिहावेत: पूर्ण वाढल्यावर हा केवढा होतो? खातो काय? हद्दीसाठी भांडतो का? याच्या तोंडात दुसरा मासा मावतो का?

क्लाउनफिश नवशिक्यांसाठी चांगला. बोटाएवढाच होतो आणि सी-अ‍ॅनिमोन नसला तरी टाकीत आनंदात राहतो. मात्र दोनच ठेवावेत, एक थोडा मोठा आणि एक लहान. हे सगळे मासे आधी नर असतात, मग जोडीतला मोठा मादी बनतो. तिसरा आला की मारामारी ठरलेली.

‘डोरी’ म्हणजे ब्लू टँग. दुकानात दिसतो दोन इंचांचा, पण वाढतो जवळपास एक फुटापर्यंत. घरातल्या २०० लिटरच्या टाकीत त्याला डांबू नये. शिवाय त्वचेवरच्या परजीवींना हा लवकर बळी पडतो.

डॅमसेल स्वस्त आणि काटक, त्यामुळं दुकानदार तोच आधी पुढं करतात. पण मोठा झाला की नव्या माशांना छळतो.

मँडरिन फिश रंगानं अप्रतिम. तो दिवसभर बारीक जिवंत जीव टिपत असतो. नव्या टाकीत ते पुरेसे नसतात आणि मासा हळूहळू उपाशी मरतो.

लायनफिशच्या काट्यांत विष असतं आणि तोंडात मावेल तो मासा तो गिळतो. लहान मुलं असलेल्या घरात तर नकोच.

गोबी, ब्लेनी, फायरफिश हे त्या मानानं शांत. फायरफिश घाबरला की उडी मारतो, म्हणून टाकीवर जाळी हवी. आणखी एक नियम लक्षात ठेवावा: शांत मासा आधी, भांडखोर शेवटी. आधी आलेला जागेवर हक्क सांगतो, मग तो गरीब स्वभावाचाच असलेला बरा.

निवडताना दुकानदाराला समोर खायला घालून दाखवायला सांगावं. खात नसेल, पोट आत गेलं असेल, जोरजोरात श्वास घेत असेल किंवा अंग दगडाला घासत असेल, तर तो मासा सोडून द्यावा. त्याच टाकीत दुसरा मेलेला मासा दिसला, तरी तिथून काही घेऊ नये.

धडधाकट दिसतो, मग वेगळा कशाला?

कारण आहे क्रिप्टोकॅरियन नावाचा परजीवी. बोलीत त्याला ‘मरीन इक’ किंवा ‘व्हाइट स्पॉट’ म्हणतात. माशाच्या अंगावर मिठाचे कण चिकटल्यासारखे पांढरे ठिपके दिसतात. काही दिवसांनी ठिपके गायब होतात आणि मालकाला वाटतं, मासा बरा झाला.

प्रत्यक्षात परजीवी अंगावरून सुटून तळाला गेलेला असतो. तिथं तो गाठ करून बसतो. त्या एका गाठीतून शेकडो पिल्लं बाहेर पडतात आणि पुन्हा मासे शोधतात. काही गाठी आठवड्यात फुटतात, तर काही ७२ दिवसांपर्यंत थांबल्याची नोंद आहे. म्हणूनच एकदा हा रोग मुख्य टाकीत शिरला, की सगळे मासे बाहेर काढून ती अडीच महिने माशांविना ठेवावी लागते.

वेल्व्हेट नावाचा रोग तर आणखी वेगवान. अंगावर पिवळट भुकटी दिसेपर्यंत बऱ्याचदा कल्ले निकामी झालेले असतात. असे परजीवी कल्ल्यांत लपले असतील, तर दुकानात मासा चकचकीतच दिसतो.

क्वारंटाइनची टाकी कशी असावी?

ती महाग नसते. ४० ते ६० लिटरची साधी काच, हीटर, एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर आणि लपायला पीव्हीसी पाइपचे दोन-तीन तुकडे. वाळू नको, दगड नको. ते औषध शोषून घेतात आणि गाठींना आसरा देतात. स्पंज आधी काही आठवडे मुख्य टाकीत ठेवावा, म्हणजे त्यात जिवाणू तयार होतात.

मुदत किमान चार आठवडे. अमोनिया रोज तपासावा, कारण एवढ्याशा पाण्यात तो पटकन चढतो. जाळी, बादली, नळी वेगळी ठेवावी. ओला हात एका टाकीतून दुसऱ्या टाकीत घालू नये. मध्येच दुसरा नवा मासा आणला, तर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे.

ठिपके दिसले, तर तांबं असलेलं औषध वापरतात. ते बाटलीवरच्या प्रमाणातच घालावं आणि कॉपर टेस्ट किटनं मोजत राहावं. कमी पडलं तर परजीवी जगतो, जास्त झालं तर मासा मरतो. मुख्य टाकीत ते कधीही ओतू नये. गोगलगायी, कोळंबी असे जीव त्यानं मरतात.

पिशवीतला प्रवास

मुंबईहून म्हसवडपर्यंत मासा बंद पिशवीत कितीतरी तास असतो. त्या काळात पाण्यात कार्बन डायऑक्साइड आणि अमोनिया दोन्ही साचतात. पिशवी बंद असते तोवर पाणी थोडं आम्लधर्मी राहतं आणि अमोनिया फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि तोच अमोनिया विषारी होतो.

त्यामुळं लांबून आलेल्या माशाची पिशवी उघडून तासन्‌तास थेंब-थेंब पाणी घालत बसू नये. दुकानदाराला पाण्याचा खारटपणा आधीच विचारून क्वारंटाइनची टाकी तेवढीच खारी करून ठेवावी. बंद पिशवी १५-२० मिनिटं पाण्यावर तरंगवून तापमान जुळवावं, मग पिशवी उघडून मासा लगेच टाकीत सोडावा. पिशवीतलं पाणी मात्र बाहेरच ओतावं.

माणमध्ये पारा चाळिशीला टेकतो, माशांना हवं असतं २५ ते २७ अंश. पाण्यावर पंखा सोडला तर दोन-तीन अंश उतरतात. वीज गेली तर बॅटरीवरचा एअर पंप हाताशी हवा.

काय विकत घेऊच नये?

समुद्रघोडा आणि दगडी प्रवाळ यांना भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. कोणी देतो म्हटलं तरी घेऊ नये.

इंडोनेशिया-फिलिपिन्सच्या समुद्रात काही मासे सायनाइड फवारून पकडले जातात. ते बाहेरून ठीक दिसतात आणि नंतर काही आठवड्यांत दगावतात. त्यामुळं हॅचरीत जन्मलेला मासा घेणं शहाणपणाचं. क्लाउनफिशच्या पैदाशीचं तंत्र केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं भारतात विकसित केलंय. महाराष्ट्रातही कांदळवन प्रतिष्ठाननं नवी मुंबईत ऐरोलीला शोभिवंत सागरी माशांची हॅचरी उभारली. असा मासा टाकीतच वाढलेला असतो आणि तयार खाद्य खायला शिकलेला असतो. क्वारंटाइन मात्र त्यालाही चुकत नाही.

छंद सोडायची वेळ आली, तर मासे माणगंगेत किंवा राजेवाडीच्या तलावात सोडणं ही सुटका नव्हे. गोड्या पाण्यात ते काही वेळातच मरतात. दुकानदाराला किंवा दुसऱ्या छंदिष्टाला द्यावेत.

आणि बजेट एकाच टाकीचं असेल, तर थोडं थांबून दुसऱ्या छोट्या टाकीचे पैसे जमवावेत. निमो महिनाभरानंही मिळेल. आधीच टाकीत असलेले मासे एकदा गेले, की परत येत नाहीत.