मुंबईच्या मोठ्या इस्पितळाची पहिली वारी

गेल्या पावसाळ्यात पालेगावातल्या एक मावशी दवाखान्यात येऊन बसल्या. सोबत मुलगा होता. मावशींच्या स्तनात गाठ होती, येथील सर्जनने जाड सुईने तुकडा काढून तपासायला पाठवला होता आणि रिपोर्ट कर्करोगाचा आला होता. मुंबईला जाण्यासाठी चिठ्ठी मीच लिहून दिली होती. मला वाटले, उपचार सुरू झाले असतील. मावशी म्हणाल्या, "डॉक्टर, तीनदा जाऊन आले. अजून काहीच सुरू नाही."

पहिल्या खेपेला दोघे पावणेबाराला पोहोचले, तोवर नवीन पेशंटची खिडकी बंद झाली होती. दुसऱ्या खेपेला नाव नोंदले गेले, पण जवळ रिपोर्टची फक्त झेरॉक्स होती. तुकड्याची काच आणि ब्लॉक घेऊन या, असे सांगून परत पाठवले. तिसऱ्या खेपेला उपाशीपोटी रक्त द्यायचे होते. मावशींनी पहाटे मधुमेहाची गोळी नेहमीप्रमाणे घेतली, खाल्ले मात्र काही नाही, आणि कुर्ल्याच्या अलीकडे गाडीतच त्यांना दरदरून घाम फुटून भोवळ आली. मुलगा आनंदनगर एमआयडीसीत कंत्राटावर कामाला. त्याचे तीन खाडे झाले, मावशींची धुण्याभांड्याची तीन दिवसांची कमाई गेली, आणि तीन आठवडे निघून गेले ते वेगळेच.

यात त्या इस्पितळाची चूक नव्हती आणि मायलेकांचीही नव्हती. त्यांना कोणी काही सांगितलेच नव्हते. सांगायला हवे होते मी. चिठ्ठी खरडून "मुंबईला दाखवा" म्हटले की आपले काम संपले, असे आम्हा डॉक्टर मंडळींना वाटते. म्हणून आजचा लेख.

मुंबईच्या उपचारांचा हिशेब करताना लोक गाडीभाडे आणि केसपेपरचे पैसे मोजतात. खरे तर हे दोन्ही सर्वांत लहान खर्च आहेत. सरकारी आणि महापालिकेच्या इस्पितळात केसपेपरचे शुल्क आजही नाममात्र असते. महाग पडते ती फुकट गेलेली खेप. दोन माणसांचा रोजगार, रिक्षा, बाहेरचे खाणे आणि वाढलेला आजार हे सारे त्या एका खेपेत बुडते. तेव्हा पैसे वाचवायचे असतील तर खेपा वाचवा.

त्याआधी एक प्रश्न स्वतःला आणि आपल्या डॉक्टरांना विचारा: मुंबईला जायलाच हवे का? उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय हाकेच्या अंतरावर आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत झाले आहेत. हर्निया, अपेंडिक्स, हाड मोडणे, बाळंतपण अशा कामांसाठी आधी तेथे चौकशी करावी. आणि छातीत दाबल्यासारखे दुखून घाम फुटला, किंवा तोंड वाकडे होऊन हातपाय लुळा पडला, तर मुंबईचा विचारही करू नये. १०८ ला फोन करून जवळच्या सोय असलेल्या इस्पितळात जावे. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. तो वेळ प्रवासात गेला तर पुढे कितीही मोठे इस्पितळ गाठून उपयोग होत नाही.

जायचे ठरले की कुठे जायचे ते नीट समजून घ्या. "परळच्या इस्पितळात" एवढ्यावर निघू नका, कारण परळला केईएम आहे, टाटा आहे, वाडियांची लहान मुलांची आणि बाळंतपणाची अशी दोन रुग्णालये आहेत. केईएम १९२६ सालचे, महापालिकेचे. शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी महाविद्यालयाला देणगी देताना शिकवणारे डॉक्टर हिंदी असावेत अशी अट घातली होती. त्या काळी ही गोष्ट मोठी होती. टाटा मेमोरियल १९४१ सालचे, कर्करोगासाठी. त्याचेच दुसरे केंद्र खारघरला आहे आणि काही पेशंटना तेथे बोलावतात. खारघरला परळमार्गे जायचे नसते, ठाण्याला गाडी बदलून ट्रान्स-हार्बरने जायचे असते. एका गृहस्थांनी तारखेच्या चिठ्ठीवरचे हे नाव वाचलेच नाही आणि अख्खी सकाळ परळला काढली. शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय शीव स्टेशनजवळ आहे, जे. जे.साठी भायखळ्याला उतरावे, आणि नायर मुंबई सेंट्रलला, म्हणजे पश्चिम रेल्वेवर.

आता कागद. एक जाड फाईल घ्या आणि सर्व कागद तारखेप्रमाणे लावा, जुने खाली व नवे वर. एक्स-रे आणि सीटी स्कॅनच्या फिल्म किंवा सीडी बरोबर हव्यात, नुसता रिपोर्ट पुरत नाही. रोजच्या गोळ्यांची रिकामी पाकिटे एका पिशवीत घाला. "एक पांढरी आणि एक छोटी गुलाबी" यावरून कोणत्याही डॉक्टरला गोळी ओळखता येत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते पहिल्या वाक्यात सांगा. आपल्या डॉक्टरांकडून आजाराचा एक पानी गोषवारा लिहून मागा. आम्हाला त्याचा कंटाळा असतो हे खरे आहे, तरी मागा.

गाठीचा तुकडा तपासला असेल तर काच आणि ब्लॉक. ब्लॉक म्हणजे काढलेला तुकडा मेणात बसवून केलेली लहान चौकोनी वडी, आणि काच म्हणजे त्या वडीचा पातळ काप लावलेली स्लाइड. मोठ्या इस्पितळातले तज्ज्ञ दुसऱ्याचा रिपोर्ट वाचून उपचार ठरवत नाहीत, स्वतः पुन्हा पाहतात. स्तनाच्या कर्करोगात कोणते औषध लागू पडेल हे पाहण्याच्या तपासण्याही त्याच वडीवर होतात. तुकडा जेथे तपासला त्या लॅबमध्ये अर्ज दिला की या वस्तू मिळतात. त्या तुमच्याच आहेत, मागायला संकोच नको. वडी मेणाची असल्याने उन्हात मात्र ठेवू नका.

शिधापत्रिका आणि आधार कार्ड, पेशंटचे आणि सोबत्याचे, मूळ प्रत व दोन-दोन झेरॉक्स. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना २०१२ साली वेगळ्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली. पूर्वी ती पिवळ्या-केशरी कार्डापुरती होती, आता पांढऱ्या कार्डालाही लागू आहे आणि मर्यादा कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपये आहे. योजनेतील इस्पितळात आरोग्यमित्राचे टेबल असते. तेथे पैसे भरण्याआधी जायचे. आधी भरून नंतर परत मागणे फार जिकिरीचे. योजनेत न बसणाऱ्या खर्चासाठी वैद्यकीय समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटा. प्रत्येक मोठ्या सरकारी इस्पितळात ते असतात, आणि आमच्या निम्म्या पेशंटना हे पदच ठाऊक नसते. धर्मादाय ट्रस्टच्या खासगी इस्पितळांनाही दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला उपयोगी पडतो. तो अंबरनाथ तहसीलातून आधीच काढून ठेवावा, कारण ऐन वेळी मिळत नाही.

इस्पितळाच्या दारात "लवकर नंबर लावून देतो, साहेबांशी ओळख आहे" म्हणणारा भेटला तर त्याला नमस्कार करून पुढे व्हा.

प्रवासाचे सांगायचे तर पेशंटला घेऊन बदलापूर-कर्जतकडून भरून येणारी गाडी पकडू नये. अंबरनाथहूनच सुटणारी लोकल पाहावी, बसायला मिळते. जलद गाडी परळला थांबत नाही, दादरला उतरून धीमी पकडावी लागते. दादरचा पूल आणि सकाळची गर्दी दम लागणाऱ्या माणसाला सोसत नाही. अशांनी कल्याणहून सुटणारी धीमी घ्यावी. वेळ जास्त लागतो, पण एकदा बसले की परळलाच उतरायचे. अपंगांच्या डब्यातून कर्करोगाच्या पेशंटना आणि गरोदर स्त्रियांनाही प्रवास करता येतो, इस्पितळाचा कागद मात्र हाताशी ठेवावा. नव्या पेशंटची नोंदणी बहुतेक ठिकाणी सकाळीच आटोपते, तेव्हा आठ-साडेआठला खिडकीसमोर असायचे या हिशेबाने निघावे. अंबरनाथहून परळ दीड-पावणेदोन तास धरा, पालेगावहून स्टेशनपर्यंतची रिक्षा वेगळी. परतताना संध्याकाळी पाच ते आठ टाळा. मार्च २०१९ पासून काही धीम्या गाड्या परळहूनच सुटतात, त्यात बसायला मिळते. कल्याणला बदलावे लागले तरी चालेल.

मधुमेह्यांसाठी दोन शब्द जास्त लिहितो, कारण मावशींना जे झाले ते दर महिन्याला कोणाला तरी होते. उपाशीपोटी रक्त द्यायचे म्हणजे आठ ते दहा तास काही खायचे नाही, पाणी चालते. पण जेवणाआधी घ्यायची मधुमेहाची गोळी, विशेषतः ग्लिमेपिराइडसारखी, किंवा इन्सुलिन घेतले आणि खाल्ले नाही, तर रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. घाम, थरथर, छातीत धडधड, मग बडबड आणि बेशुद्धी. गर्दीत लोकांना वाटते उकाड्याने चक्कर आली किंवा माणूस प्यायला आहे. उपाशी असेपर्यंत ही औषधे घेऊ नयेत, बरोबर न्यावीत आणि रक्त देऊन झाल्यावर न्याहारीबरोबर घ्यावीत. नेमके कसे, ते आदल्या दिवशी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावे. रक्तदाबाची गोळी मात्र सहसा घोटभर पाण्याबरोबर घ्यायची असते, ती चुकवू नये. खिशात साखरेची पुडी हवीच. लक्षणे दिसताच तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढीच. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नये. तपासणी हुकेल म्हणून साखर खायला घाबरू नका, रक्त दुसऱ्या दिवशी देता येईल.

बायकांची एक तक्रार कोणी बोलत नाही. स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून पहाटेपासून पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, आणि संध्याकाळी लघवीला जळजळ घेऊन माझ्याकडे यायचे. इस्पितळात शिरताच आधी स्वच्छतागृह कोठे आहे ते विचारून ठेवा, सुटे पैसे ठेवा आणि पाणी प्या. डबा घरचाच असावा, पोळी आणि सुकी भाजी. बाहेर खावे लागलेच तर समोर तळलेला गरम वडापाव बरा, कापून ठेवलेली फळे आणि बर्फाचे सरबत नको.

सोबत एकच माणूस न्या, पण तो वाचता येणारा, जिने चढणारा आणि न चिडणारा असावा. पाच जण गेले तर पाच खाडे होतात आणि डॉक्टरांचे बोलणे कोणीच नीट ऐकत नाही. पैसे दोन ठिकाणी ठेवा. मोबाईलवरून पैसे देता येतात हे खरे, पण काही रोख जवळ असावी.

आणि निघण्यापूर्वी सोबत्याने केसपेपरच्या मागे लिहून घ्यावे: पुढची तारीख, विभाग आणि युनिट, उपाशी यायचे की खाऊन, किती पैसे लागतील, कोणता कागद राहिला आहे. युनिट हा शब्द महत्त्वाचा. मोठ्या इस्पितळात एका विभागात डॉक्टरांची अनेक पथके असतात आणि प्रत्येकाचा ओपीडीचा वार ठरलेला असतो. तुम्ही सोमवारच्या पथकाचे पेशंट असाल आणि गुरुवारी गेलात, तर बहुधा सोमवारी या असेच उत्तर मिळते. सणासुदीची सुट्टीही कॅलेंडरात बघून जावे.

मावशी चौथ्या खेपेला काच, ब्लॉक, पेला आणि साखरेची पुडी घेऊन गेल्या. त्या दिवशी सगळी कामे झाली. आता केमोथेरपी चालू आहे, तीन आठवड्यांतून एकदा जातात. केमोनंतर ताप १००.४ च्या वर गेला तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी इस्पितळ गाठायचे, हे त्यांना आणि मुलाला दोनदा बजावून सांगितले आहे. शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार लागले तर आठवड्यातून पाच दिवस, कित्येक आठवडे जावे लागेल. दुरून येणाऱ्यांसाठी परळला नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन आणि दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, पण तेथे जागेची फार ओढ असते आणि इस्पितळाचे पत्र लागते. अंबरनाथकरांना रोज येण्याजाण्याचीच तयारी ठेवावी लागते. अशा वेळी रोजचे तिकीट काढत बसू नये, दोघांचे महिन्याचे पास काढावेत.