संपूर्ण डबा घेऊन सफरीला निघताना

गेल्या हिवाळ्यात आमच्या मोहल्ल्यातील सात घरांनी मिळून आग्रा-दिल्लीच्या सहलीसाठी रेल्वेचा एक संपूर्ण डबा घेतला. निघण्याच्या आठ दिवस आधी बैठक झाली. खालचे बर्थ कोणाला, सामान किती, खर्चाची वाटणी कशी, हे सर्व तासाभरात ठरले. अडले ते एका सिलिंडरपाशी. सर्वांत वडील असलेल्या चाचांचे म्हणणे होते की पाच किलोचा छोटा सिलिंडर आणि एक बर्नर बरोबर असू द्यावा. म्हाताऱ्या माणसांना फजरनंतर चहा लागतो, दोन तान्ह्या मुलांचे दूध गरम करावे लागेल. ‘‘डबा आपण पैसे मोजून घेतलाय, आत परका माणूस कोणी नाही, मग अडचण कसली?’’ असा त्यांचा सवाल. चाचांना चारचौघांत नाही म्हणण्याची रीत आमच्याकडे नाही. सगळे खाली मान घालून बसून राहिले.

हा लेख लिहावासा वाटला तो त्या बैठकीमुळे. लग्नाचे वऱ्हाड, इज्तेमा, जियारत किंवा साधी कौटुंबिक सहल, यासाठी डबा घेण्याची पद्धत आता आपल्या घरांतही रुळली आहे. आयआरसीटीसीकडे पूर्ण भाडेदराने डबा आरक्षित करता येतो. त्यासाठी साधारण 6 महिने ते 30 दिवस आधी अर्ज करावा लागतो आणि प्रत्येक डब्यामागे 50,000 रुपये अनामत भरावी लागते. हा डबा नेहमीच्या एखाद्या गाडीला जोडला जातो, वाटेत सोडून यार्डात उभा केला जातो आणि ठरलेल्या दिवशी दुसऱ्या गाडीला लागतो. कागदपत्रांची माहिती एजंट देतोच. डब्यात कसे वागायचे हे मात्र कोणी सांगत नाही, आणि ‘डबा आपलाच आहे’ ही भावना तिथूनच डोके वर काढते.

26 ऑगस्ट 2023 ची पहाट आठवा. लखनौहून निघालेल्या यात्रेकरूंचा असाच एक खासगी डबा मदुराईला पोहोचला. पुनलूर-मदुराई एक्सप्रेसपासून तो सोडवून स्थानकाजवळच्या रुळांवर उभा करण्यात आला. पहाटे सव्वापाचच्या सुमारास आत आग लागली आणि 9 जणांचा जीव गेला. नियम डावलून गॅस सिलिंडर आत आणला होता आणि आग त्यामुळे लागली, असे रेल्वेने सांगितले. म्हणजे तिथेही गोष्ट आमच्या चाचांच्या चहासारखीच साधी होती. जाणाऱ्यांचे वाईट हेतू नव्हते. घरातली सवय डब्यात आणली, एवढेच.

आणखी मागे गेलो तर इजिप्त दिसतो. 20 फेब्रुवारी 2002, ईद-उल-अजहा दोन दिवसांवर. कैरोहून लक्सरकडे निघालेल्या, गावी परतणाऱ्यांनी खचाखच भरलेल्या गाडीत आग लागली. स्वयंपाकाच्या गॅसच्या शेगडीवर ठपका ठेवला गेला. चालकाच्या लक्षात येईपर्यंत जळते डबे घेऊन गाडी कित्येक किलोमीटर धावत राहिली. साडेतीनशेहून अधिक माणसे गेली. पाकिस्तानात 31 ऑक्टोबर 2019 रोजी रायविंडच्या इज्तेमाला निघालेल्या जमातीचे लोक तेजगाम एक्सप्रेसमध्ये होते. लियाकतपूरजवळ आग लागून 70 हून अधिक दगावले. तिथे रेल्वेने शेगडीकडे बोट दाखवले, तर बचावलेल्या काहींनी विजेच्या बिघाडाकडे. त्या वादात आपण पडायला नको. पण एक गोष्ट डोळ्यांत भरते. जमातीची आरक्षणे एकेका नावावर गठ्ठ्याने केलेली होती, त्यामुळे मृतांची ओळख पटवणे फार कठीण गेले. म्हणून आम्ही तरी ठरवले की प्रत्येकाचे नाव, वय, बर्थ आणि घरच्यांचा फोन लिहिलेल्या यादीची एक प्रत गावी राहणाऱ्या माणसाकडे असलीच पाहिजे.

घरात सिलिंडर रोज वापरतो, मग डब्यात तो एवढा घातक का, असे कोणी विचारील. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर उडून जात नाही, जमिनीलगत साचतो. डब्याच्या जमिनीवर बॅगा, चपला, अंथरुणे, खालच्या बर्थवर झोपलेली मुले. शंभर भाग हवेत दोन भाग गॅस मिसळला तरी ठिणगीला पुरेसा होतो. घराला अंगण असते, मागचे दार असते. डब्याची जागा लांबट, वाट अरुंद, दारे टोकांना. त्यात यार्डात उभा असलेला डबा म्हणजे चोरांच्या भीतीने दारे आतून बंद, बाहेर अंधार आणि हाकेच्या अंतरावर माणूस असेलच याची खात्री नाही. आमच्या मते सर्वांत धोक्याची वेळ हीच. गाडी धावत असताना निदान साखळी ओढता येते, गार्ड असतो. म्हणून आग्र्याला डबा दोन दिवस उभा राहणार होता तेव्हा बायका, मुले आणि वृद्धांसाठी आम्ही मुसाफिरखान्यात खोल्या घेतल्या. खर्च वाढला, थोडी कुरकुरही झाली. डब्यात सामानापाशी चार जण राहिले, त्यांनी पाळीने जागे राहायचे आणि दारासमोर एकही बॅग ठेवायची नाही, असे ठरले.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. 1989 च्या रेल्वे कायद्याच्या कलम 164 नुसार धोकादायक वस्तू गाडीत आणणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते, शिवाय नुकसानीची जबाबदारी त्याच्यावर येते. संपूर्ण डबा घेतलेल्यांना यातून सूट नाही. डबा प्रवासासाठी दिलेला असतो, स्वयंपाकासाठी नाही. स्टोव्ह, स्पिरिट, रॉकेल, वऱ्हाडाचे फटाके, सगळे यातच आले. मोबाईलच्या सॉकेटला पाण्याची किटली लावणेही तसेच. त्या वायरी तेवढ्या भारासाठी नसतात.

मग चाचांचे काय केले? प्रवासात तिघे असले तरी एकाला अमीर नेमावे, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. आपल्याकडे मात्र वयाने मोठा तो आपोआप अमीर, असा समज आहे. आम्ही दुसऱ्या दिवशी शाळेत शिकवणाऱ्या एका भावाला अमीर नेमले. तो दोघांना घेऊन चाचांच्या घरी गेला. चारचौघांत बोलला नाही, उपदेशही केला नाही. मदुराईची बातमी वाचून दाखवली. झोपण्यापूर्वी घरातील आग विझवावी, अशी ताकीद हदीसमध्ये आहे, तिची चाचांनीच आठवण काढली. मग अमीर म्हणाला, ‘‘चाचाजान, निघायच्या दिवशी प्रत्येकाचे सामान तपासायला माणूस हवा. तुमच्याशिवाय कोणाला बायका-पोरे बॅग उघडून दाखवणार?’’ चाचांनी थोडा वेळ दाढीवरून हात फिरवला आणि हो म्हटले.

दुधाचा प्रश्न थर्मासने सुटला. तीन मोठे थर्मास होते, मोठ्या स्थानकावर स्टॉलवरून गरम पाणी आणि चहा भरून घ्यायचा. पहिल्या दिवसासाठी सुका खिमा आणि पोळ्या, पुढे खारी, चिवडा, खजूर, आणि दोन वेळचे जेवण आधीच सांगून स्थानकावर मागवलेले.

अदबीच्याही काही गोष्टी अनुभवाने कळल्या. आमच्या डब्यामागे-पुढे इतर प्रवाशांचे डबे होते. रात्री दहानंतर नात आणि अंताक्षरी दोन्ही बंद, हे अमीरला दोनदा सांगावे लागले. एका स्थानकावर घाईत एक कुटुंब चुकून आमच्या डब्यात शिरले. आमचा एक पोरगा ‘प्रायव्हेट आहे’ म्हणून ओरडला, त्याची आम्हाला लाज वाटली. त्यांना बसवून पाणी दिले, तिकीट तपासनिसाला कळवले आणि पुढच्या स्थानकावर त्यांच्या डब्यापर्यंत सामान पोहोचवले. वुजूसाठी टाकीतले पाणी सढळ हाताने वापरले तर दुपारीच नळ कोरडे पडतात आणि ओल्या जमिनीवर म्हातारी माणसे घसरतात. एका छोट्या बाटलीत वुजू होतो. नमाजसाठी दारापाशी किंवा वाटेत जमात उभी करू नये. प्रवासात नमाज जमा करण्याबाबत शाफई आणि हनफी मते वेगळी आहेत, ती आपापल्या आलिमांना निघण्यापूर्वी विचारून घ्यावीत, डब्यात वाद नको.

डबा जोडताना आणि सोडताना जोराचे धक्के बसतात. त्या वेळी दारात कोणी उभे राहू नये, हातात गरम चहा नसावा. यार्डात रूळ ओलांडून शौचाला किंवा पाण्याला जाणे तर नकोच. डब्यात चढल्यावर पहिल्या दहा मिनिटांत मोठ्या मुलांना लाल खूण केलेल्या आपत्कालीन खिडक्या दाखवाव्यात आणि अग्निशामक नळकांडे कुठे टांगले आहे ते बघून ठेवावे. धूर झाला तर सामान सोडून वाकून दाराकडे जायचे, हे त्यांना एकदा करून दाखवावे. मुलांना तो खेळ वाटतो आणि लक्षात राहतो. मदतीसाठी रेल्वेचा 139 हा क्रमांक प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये असावा.

निघायच्या दिवशी चाचा फलाटावर दोन तास आधी येऊन बसले होते. सत्तर माणसांच्या बॅगा त्यांनी एकेक करून पाहिल्या. एका मुलाकडून फटाक्यांची पेटी निघाली. दुसऱ्या बॅगेत साड्यांच्या घडीत गुंडाळलेला स्पिरिटचा स्टोव्ह होता आणि ती बॅग त्यांच्या सख्ख्या बहिणीची होती. फुफी काही म्हणण्याआधीच चाचांनी स्टोव्ह पोहोचवायला आलेल्या भाच्याच्या हाती दिला आणि म्हणाले, ‘‘घरी ने, आणि येताना सगळ्यांसाठी चहा सांग.’’