राजाचा कातडी कोट

स्वीडनचा राजा गुस्टाव्हस अडॉल्फस 1632 मध्ये ल्युट्झेनच्या लढाईत पडला, तेव्हा त्याच्या अंगावर चिलखत नव्हतं. काही वर्षांपूर्वी खांद्यापाशी रुतून बसलेल्या गोळीमुळे त्याला लोखंड सोसवत नसे. त्याने घातला होता एल्क हरणाच्या कातड्याचा जाडजूड ‘बफ कोट’. तो आज स्टॉकहोमच्या संग्रहालयात आहे, भोकांसकट!

सतराव्या शतकातल्या युरोपीय घोडेस्वारांचा हा आवडता पेहराव. गुपित कातडं कमावण्यात आहे. झाडाच्या सालीऐवजी कच्च्या कातड्यात कॉड माशाचं तेल कुटून कुटून मुरवत. हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन तेलातून अल्डिहाइडं तयार होतात आणि ती कातड्यातल्या कोलॅजेनच्या तंतूंना जखडतात. कातडं जाड राहूनही मऊ, लवचीक होतं, पिवळसर रंग धरतं. (वास कसा येत असेल, ते विचारू नका.) तलवारीचा वार असा कोट बराचसा झेलायचा, बंदुकीच्या गोळीपुढे मात्र त्याचं फारसं चालत नसे. म्हणून ऐपतदार स्वार त्यावर पोलादी छातीपत्राही चढवत.

‘बफ’ हा शब्द फ्रेंचमधल्या रेड्याच्या नावावरून आला. अशाच कातड्याने धातू घासून चमकवत. कारखान्यातलं ‘बफिंग’ तिथलंच.