किती लावायचे? ऑनलाइन पोकरच्या छोट्या टेबलांचा मागोवा

पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारे विधेयक लोकसभेत २० ऑगस्ट २०२५ला मंजूर झाले, दुसऱ्या दिवशी राज्यसभेत, आणि २२ तारखेला राष्ट्रपतींची सही झाली. त्याच दोन-चार दिवसांत देशातल्या मोठ्या पोकर आणि रमी कंपन्यांनी पैशांचे खेळ थांबवले. हे खेळ कौशल्याचे की नशिबाचे, यावर पन्नासहून अधिक वर्षे कोर्टात वाद चालला होता. नव्या कायद्याने तो वादच बाजूला ठेवला: पैसे लावून ऑनलाइन खेळला जाणारा खेळ कसाही असो, तो चालवायचा नाही.

ऑनलाइन पोकरच्या काळाबद्दल पुष्कळ लिहिले गेले. मला त्यातल्या एकाच बारीक प्रश्नाचा माग काढायचा आहे. एक-दोन रुपयांच्या टेबलावर (म्हणजे जिथे डाव एक आणि दोन रुपयांच्या सक्तीच्या रकमांनी सुरू होतो), कुठल्याही पानांवर पैसे टाकत शेवटपर्यंत राहणाऱ्या माणसासमोर किती लावायचे? जिंकणारा कसा जिंकला आणि हरणारा कोण होता, हे दोन्ही या प्रश्नाच्या उत्तरात सापडते.

सुरुवात पोकरपासून होत नाही, तीन पत्तीपासून होते. बीड जिल्ह्यातल्या धर्मापुरीला बाहेरचा माणूस केदारेश्वराच्या चालुक्यकालीन मंदिरासाठी आणि किल्ल्यासाठी येतो. पण दिवाळीच्या सुट्टीत आमच्या या परळी-अंबाजोगाईच्या टापूत कुठेही गेलात, तरी पत्त्यांचा एखादा डाव बसलेला दिसतो, आणि तो बहुधा तीन पत्तीचा किंवा रमीचा असतो. तीन पत्तीत रक्कम खेळच ठरवून देतो. ब्लाइंड खेळणारा चालू रक्कम किंवा तिची दुप्पट टाकतो, पाने पाहिलेला दुप्पट ते चौपट. खेळणाऱ्याच्या हाती उरते ते इतकेच, की राहायचे की पॅक व्हायचे. आणि राहण्याची किंमत फारशी नसल्याने माणूस राहतो. ‘बघू तरी’ म्हणत शोपर्यंत जाणे हा तिथे मूर्खपणा नसतो. पुष्कळदा तेच बरोबर असते.

रमीची गोष्ट वेगळी होती, आणि तिचा आमच्या भागाशी जुना संबंध आहे. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेश राज्य विरुद्ध के. सत्यनारायण या खटल्यात रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचे म्हटले. कोणती पाने पडली ते लक्षात ठेवावे लागते, पाने जुळवत न्यावी लागतात, म्हणून. तीन पानांच्या खेळाला मात्र त्याच निकालाने निव्वळ नशिबाच्या बाजूला ठेवले. खटला सिकंदराबादच्या एका क्लबचा होता आणि कायदा होता निजामाच्या राज्यातला, १३०५ फसलीचा हैदराबाद जुगार कायदा. १९४८पर्यंत बीड जिल्हा त्याच राज्यात होता. पुढे प्रत्येक ऑनलाइन कंपनीच्या वकिलाने तोच १९६८चा निकाल हाती धरला. पोकरबाबत उच्च न्यायालयांचे एकमत कधी झाले नाही. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७मध्ये त्याला जुगार ठरवले, अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२४मध्ये तो कौशल्याचा खेळ असल्याचे म्हटले.

ऑनलाइन पोकरच्या कंपन्यांपैकी अड्डा५२ २०११मध्ये सुरू झाले, पोकरबाझी २०१४मध्ये, पोकरस्टार्सची भारतातली आवृत्ती २०१८मध्ये. गावांपर्यंत मात्र हा खेळ कंपन्यांमुळे पोचला नाही. ५ सप्टेंबर २०१६ला जिओ आले, त्याच वर्षी यूपीआय आले, आणि मार्च २०२०पासून पोरे घरात अडकली. स्वस्त इंटरनेट, फोनमधून जाणारा पैसा आणि रिकामा वेळ असे तिन्ही एकत्र आल्यावर पारावरचा तीन पत्तीचा खेळाडू टेक्सास होल्डेमच्या टेबलावर जाऊन बसला. येताना ‘बघू तरी’ची सवय घेऊन आला.

होल्डेममध्ये प्रत्येकाला दोन पाने मिळतात, मध्ये पाच सामाईक पाने उघडतात: आधी तीन, ती फ्लॉप, मग टर्नचे एक आणि रिव्हरचे एक. पैसे लावायच्या फेऱ्या चार. आणि नो-लिमिट प्रकारात किती लावायचे याला वरची मर्यादा समोर असलेल्या पैशांची, दुसरी कुठलीच नाही. तीन पत्तीतून आलेल्या माणसाला या मोकळीकीचा अंदाजच नव्हता. तो पूर्वीसारखाच राहात गेला. राहायची किंमत आता समोरचा ठरवत होता, आणि हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

थोडा हिशेब मांडतो, कारण सगळी गोम त्यातच आहे. टर्नचे पान पडले आहे. पॉटमध्ये, म्हणजे मध्ये जमलेल्या रकमेत, १०० रुपये आहेत. तुमच्याकडे चांगली जोडी आहे, समोरच्याकडे बदामची चार पाने, पाचवे आले की फ्लश. न दिसलेली पाने ४६, त्यांत त्याच्या उपयोगाची ९. म्हणजे त्याची शक्यता २० टक्क्यांना किंचित कमी. तुम्ही ५० लावले आणि त्याने कॉल केला, म्हणजे तेवढेच टाकले, तर सरासरीने त्याचे ११ रुपये जातात. १०० लावले तर ४१ जातात. २०० लावले तर १०२. (रिव्हरवर आणखी पैसे लावले जात नाहीत असे धरले आहे.) पन्नासवरून शंभरवर जाताना रक्कम दुप्पट झाली, पण त्याचे नुकसान जवळपास चौपट झाले. जो माणूस ५०लाही कॉल करतो आणि २००लाही, त्याच्यासमोर ५० लावणे म्हणजे आपल्या हक्काचे पैसे सोडून देणे.

दुसरा हिशेब तीन फेऱ्यांचा. एक-दोन रुपयांच्या टेबलावर दोनशे रुपये घेऊन बसलात, फ्लॉपला पॉट १४ रुपयांचा आहे आणि तुमचा हात जबरदस्त आहे. प्रत्येक फेरीत अर्धा पॉट लावला तर ७, १४ आणि २८ मिळून ४९ रुपये आत जातात. प्रत्येक फेरीत पूर्ण पॉट लावला तर १४, ४२ आणि १२६, एकूण १८२. पाने तीच, समोरचा तोच, तो दोन्ही वेळा शेवटपर्यंत राहणार. फरक १३३ रुपयांचा. छोट्या टेबलांवर जे थोडे लोक सातत्याने पुढे राहिले, त्यांच्या यशाचा मोठा भाग या एका गुणाकारात होता. चेहरे वाचणे वगैरे सिनेमातल्या गोष्टी.

हूल देण्याचे गणित नेमके उलटे. पॉटएवढी रक्कम लावून ब्लफ मारला तर तो निम्म्या वेळा तरी यशस्वी व्हायला हवा. पाचातून एकदाच पाने टाकणाऱ्यासमोर तोच ब्लफ सरासरीने पॉटच्या ६० टक्के रक्कम घालवतो. तरीही माणसे हूल देत राहिली, कारण त्यांनी पाहिलेल्या स्पर्धांच्या चित्रफितींमध्ये हूल म्हणजेच पोकर होते. ज्याला पाने टाकायचीच नाहीत त्याला घाबरवता येत नाही. त्याच्यासमोर चांगल्या पानांवर भरपूर लावायचे आणि वाईट पानांवर गप्प बसायचे, एवढेच.

सुरुवातीच्या फेरीतही हेच. दोन एक्के येण्याची शक्यता २२१ हातांत एकदा. एका माणसाच्या कुठल्याही पानांसमोर ते सुमारे ८५ टक्के वेळा जिंकतात, चौघांसमोर मात्र ५६ टक्क्यांच्या आसपासच. म्हणून आधी दोन-तीन जण नुसते दोन रुपये टाकून आत आले असतील तर रक्कम सहा रुपयांवर नेणारा रेझ उपयोगाचा नाही, सगळे मागे येतात. बारा-चौदा करावे लागतात, आणि छोट्या टेबलांवर तेवढ्यालाही एक-दोघे येतातच. हीच रक्कम चांगल्या खेळाडूंच्या टेबलावर हास्यास्पद ठरली असती, कारण तिथे रकमेवरून पाने ओळखली जातात. इथे ती कोणी ओळखत नव्हते.

जगात या खेळाचा विचार कसा पुढे गेला ते पाहण्यासारखे आहे. डेव्हिड स्क्लान्स्कीने १९८७च्या ‘द थिअरी ऑफ पोकर’मध्ये मांडलेला मूळ विचार असा की, तुमची पाने दिसली असती तर समोरचा जसा खेळला असता त्याहून तो वेगळा खेळला, की फायदा तुमचा. २०१५नंतर बिनचूक खेळी गणिताने शोधणारी, सॉल्व्हर नावाची सॉफ्टवेअर आली, २०१९मध्ये प्लुरिबस या प्रोग्रॅमने सहा जणांच्या टेबलावर व्यावसायिकांना हरवले. सॉल्व्हरमुळे फ्लॉपवर पॉटच्या एक तृतीयांश इतके थोडेच लावण्याची पद्धत रूढ झाली. निर्दोष खेळणाऱ्यासमोर ती योग्य आहे. आपल्याकडचे अभ्यासू तरुण ती जशीच्या तशी शिकले आणि दोन रुपयांच्या टेबलावर वापरू लागले, जिथे समोर निर्दोष कोणीच नव्हते. माझ्या मते त्या पिढीची सर्वांत मोठी चूक हीच. यंत्राचे उत्तर पाठ केले, यंत्राला कोणता प्रश्न विचारला होता ते पाहिले नाही.

आता कपातीकडे येतो, कारण एवढे सगळे बरोबर करूनही बहुतेकांच्या हाती काही उरले नाही. प्रत्येक पॉटमधून कंपनी रेक घेई, छोट्या टेबलांवर तो साधारण पाच टक्क्यांच्या घरात असे. त्याला वरची मर्यादा असली तरी दोन रुपयांच्या टेबलावरचा पॉट तिथवर क्वचितच पोचे. सहा जणांनी दोन-दोनशे आणले म्हणजे टेबलावर १२०० रुपये. शंभर-शंभर रुपयांचे १२० पॉट झाले की त्यांतले ६०० रुपये रेकमध्ये गेलेले असतात. सैल खेळणाऱ्यांच्या टेबलावर पॉट मोठे आणि वारंवार होतात, त्यामुळे रेकही तिथेच जास्त. १ एप्रिल २०२३पासून निव्वळ जिंकीवर ३० टक्के करकपात आली, पूर्वीची दहा हजारांची सूट गेली. १ ऑक्टोबर २०२३पासून भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला. करासहित १०० रुपये भरले की खेळायला ७८ उरत. काही कंपन्यांनी बोनस देऊन तो भार झाकला, पण रक्कम कोणाच्या तरी खिशातून जातच होती.

या धंद्याच्या भाषेत एक-दोन रुपयांचे टेबल म्हणजे अगदी खालच्या पायऱ्यांपैकी एक. महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी २०२५-२६मध्ये दिवसाला ३१२ रुपये होती. दोनशे रुपयांची बैठक म्हणजे दिवसभराच्या खड्डे-मातीच्या कामाचा जवळपास दोन तृतीयांश मोबदला, आणि ती बैठक एका हातात संपू शकत होती. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात. उचल एकरकमी येते आणि फिटते महिनोन्महिने कोयता चालवून. अशा घरातल्या तरुणाच्या फोनवर हे टेबल उघडले जात होते. शहरातला अभ्यासू खेळाडू वर मांडलेल्या गणिताने जे १३३ रुपये जादा कमावत होता, ते आकाशातून पडत नव्हते. पुस्तके अशा समोरच्याला ‘कॉलिंग स्टेशन’ म्हणतात, टेबलावर त्याला ‘फिश’ म्हणत. मला दोन्ही नावे कधी तोंडात घ्यावीशी वाटली नाहीत.

म्हणून कौशल्याचा युक्तिवाद मला पटतो आणि तरीही पुरत नाही. होय, किती लावायचे हे ठरवणे कौशल्य आहे, वरचे आकडे त्याचाच पुरावा. पण तेच आकडे सांगतात की हे कौशल्य जितके खरे, तितका ते नसलेल्याचा तोटा निश्चित. सरकारने संसदेत ४५ कोटी लोक आणि वर्षाला २० हजार कोटी रुपये असा नुकसानीचा अंदाज मांडला, त्याआधी जुलैमध्ये आपल्याच विधान परिषदेत टिपलेल्या, तत्कालीन कृषिमंत्र्यांच्या मोबाइलवरच्या रमीच्या चित्रफितीवरून गदारोळ झाला. त्यांनी रमी खेळत असल्याचा आरोप फेटाळला, पण महिनाअखेरीला त्यांचे खाते बदलले. कायद्यात खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत, खेळणाऱ्याला शिक्षा नाही. ही तरतूद मला योग्य वाटते. कायद्याला आव्हान देणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने आपल्याकडे घेतल्या.

परदेशातून चालणारी अ‍ॅप अजूनही फोनवर येतात, आणि तिथे पैसे अडकले तर दाद मागायला कोणी नाही. सायबर फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक आहे, मन खचले असेल तर टेलि-मानसचा १४४१६.

गावातल्या गणिताच्या शिक्षकांना एक विनंती. आपल्या दहावीच्या पुस्तकात संभाव्यतेचे प्रकरण आहे, त्यात ५२ पत्त्यांची उदाहरणे आहेत. बदामचे पान येण्याची शक्यता किती, हे मुले सोडवतात आणि गुण मिळवतात. त्यापुढे वर्गात आणखी एक उदाहरण फळ्यावर मांडा: ४६ पानांत ९ उपयोगाची, पॉटमध्ये १०० रुपये, समोरच्याने १०० लावले, तर कॉल करणाऱ्याचे सरासरी किती जातात? उत्तर ४१ रुपये. दहावीचा विद्यार्थी ते पाच मिनिटांत काढू शकतो.