विद्यापीठाचें आवार आणि पर्यावरणाचा आचार

‘आचार्य’ या शब्दाचें निर्वचन करतांना यास्कानें निरुक्तांत जे पर्याय सांगितले आहेत, त्यांतील पहिला असा कीं, जो शिष्याला आचार घ्यावयास लावतो तो आचार्य. अर्थांचा व बुद्धीचा संचय त्यानें मागाहून सांगितला आहे. हा क्रम सांप्रतच्या विद्यापीठांनीं एका विषयापुरता तरी पुन्हां ध्यानांत घ्यावा, असें वाटतें. तो विषय म्हणजे पर्यावरण.

विधिज्ञ एम्. सी. मेहता यांच्या अर्जावर १९९१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें शाळा-महाविद्यालयांतून पर्यावरणाचें शिक्षण सक्तीचें करण्याविषयीं निर्देश दिले. त्यास अनुसरून विद्यापीठ अनुदान आयोगानें पुढें सर्व शाखांच्या पदवी-विद्यार्थ्यांकरितां सहा महिन्यांचा पाठ्यक्रम आंखून दिला. त्यांत १०० पैकीं २५ गुण क्षेत्रकार्याकरितां राखून ठेवलेले होते. योजना उत्तम होती. परंतु विद्यार्थी ज्या वर्गांत वायुप्रदूषणावर टिपण उतरून घेतो, त्याच वर्गाच्या खिडकीखालीं पाचोळ्याचा ढीग धुमसत असेल, तर तो दोन धडे एकदम शिकतो. आणि डोळ्यांनीं पाहिलेला धडा अधिक टिकतो. हा विषय केवळ परीक्षेपुरता आहे, हाच तो दुसरा धडा होय.

आपल्या पुण्याच्या विद्यापीठासारखें आवार डोळ्यांपुढें आणावें. मुंबईच्या गव्हर्नरासाठीं १८६४ सालीं बांधावयास घेतलेली गणेशखिंडींतील वास्तु व तिच्या भोंवतालची वनराजी १९४९ सालीं स्थापन झालेल्या या विद्यापीठास लाभली. २०१४ पासून तें सावित्रीबाई फुले यांचें नांव मिरवीत आहे. सुमारें ४११ एकरांच्या अशा आवारांत जुने वड उभे असले, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडावर पानांचा केवढा सडा पडत असेल, याची कल्पना सहज करतां येईल.

हा पाचोळा केर नव्हे. झाडानें जमिनीपासून उसनें घेतलेलें तो तिला परत करीत असतो. तो जाळला तर धूर माणसाच्या छातींत जातो आणि जमिनीच्या हातीं मूठभर राख उरते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१६ च्या डिसेंबरांत केर उघड्यावर जाळण्यास देशभर मनाई केली व साध्या अपराधास ५,००० रुपये, मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरविली. गाडींत भरून तो बाहेर धाडला तर दंड चुकतो खरा, पण जमीन दरसाल कांहींशी दरिद्री होते. उपाय सोपा आहे. कांहीं पानें बुंध्यापासून वीतभर अंतर ठेवून झाडाभोंवतीं पसरावींत. म्हणजे ओल टिकते. उरलेल्यांचें खत करावें. पाचोळ्यांत कर्ब फार व नत्र थोडें असल्यामुळें त्यांत शेण किंवा उपाहारगृहांतील भाजीचा निवड मिसळावा, ढीग ओलसर ठेवावा व वरचेवर उलथावा. कांहीं महिन्यांत काळें, भुसभुशीत खत हातीं येतें.

पाण्याचा हिशेबही असाच करण्याजोगा आहे. पुण्यांत वर्षाकांठीं सरासरी सुमारें ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. १,००० चौरस मीटरांच्या छपरावर त्याचें ७,००,००० लिटर पाणी होतें. पांचवा हिस्सा वायां गेला असें धरलें, तरी ५,६०,००० लिटर उरतें. तें गटारांत सोडून वैशाखांत टँकरची वाट पाहणें विद्येच्या स्थानीं शोभत नाहीं. टांकी नसेल तर गाळून तें जमिनींत मुरवावें. विजेचेंही तेंच. जुना पंखा सुमारें ७५ वॅट खातो, नव्या बी. एल. डी. सी. जातीचा सुमारें ३५. एक हजार पंखे दिवसास आठ तास फिरले तर रोज ३२० युनिटें वांचतात. मग रिकाम्या वर्गांतील पंखा बंद केल्यानें किती वांचेल तें निराळेंच.

आतां हें करावयाचें कोणी? केवळ माळी व शिपाई यांच्यावर टाकून भागणार नाहीं. क्षेत्रकार्यासाठीं दूरच्या अरण्यांत जाण्यापूर्वीं आवार हेंच क्षेत्र मानावें. प्रत्येक वर्गाकडे एकेक इमारत सोंपवावी. तिचें पाणी, वीज व पाचोळा यांची वही विद्यार्थ्यांनीं ठेवावी, आणि ती वही पाहून गुण द्यावेत. रवींद्रनाथांनीं १९२८ सालीं शांतिनिकेतनांत वृक्षारोपणाचा उत्सव सुरू केला. तेथील तांबड्या, पावसानें घळी पडलेल्या भूमींत तो वर्षक्रमाचाच भाग होऊन बसला. दरवर्षीं घडतें तेंच अंगवळणीं पडतें. आपल्याकडे रोप लावतांना छायाचित्र निघतें. तिसऱ्या उन्हाळ्यांत त्यास पाणी कोणी घातलें, याची नोंद मात्र क्वचितच आढळते.

या कामीं पालकांचाही वांटा आहे. मुलामुलींचें नांव महाविद्यालयांत घालतांना आपण निकालाची, शुल्काची व वसतिगृहाची चौकशी करतों. त्याबरोबरच ‘येथला पाचोळा कोठें जातो?’ असें विचारावयास हरकत नाहीं. चार ठिकाणीं हाच प्रश्न आला, तर संस्थांना त्याचें उत्तर शोधावें लागेल. मात्र तो विचारण्यापूर्वीं आपल्या अंगणांतील पाचोळ्याचें उत्तर आपण तयार ठेवलेलें असावें.