कोणत्या पेशीवाचून भागते? (रोगप्रतिकारशक्ती : लेखांक ६)

मागील लेखांकात टी-पेशी रोगग्रस्त पेशी कशी ओळखते हे पाहिले. शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या आत तयार होणाऱ्या प्रथिनांचे बारीक तुकडे पृष्ठभागावर मांडत असते, त्यांत विषाणूचा किंवा कर्करोगाचा परका तुकडा आढळला की टी-पेशी त्या पेशीला ठार करते, आणि म्हणूनच अनेक कर्करोगपेशी हे तुकडे मांडणेच बंद करून टी-पेशीच्या नजरेतून निसटतात. टी-पेशीची मारण्याची ताकद तशीच ठेवायची आणि तिची ओळखण्याची पद्धत तेवढी बदलायची, हा या अडचणीवर शोधलेला उपाय होय. इस्राएलमधील वाइझमन संस्थेचे झेलिग एशहार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये प्रतिपिंडाचा, म्हणजे अँटिबॉडीचा, लक्ष्याला नेमका चिकटणारा भाग टी-पेशीच्या ग्राहीला जोडून दाखवला. अशा जोडग्राहीला 'काइमेरिक अँटिजेन रिसेप्टर' किंवा थोडक्यात 'कार' म्हणतात, आणि तो बसवलेल्या पेशीला कार-टी पेशी. मांडलेल्या तुकड्यांची तिला गरज उरत नाही. लक्ष्य ठरलेले प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर दिसले की पुरे.

मात्र पहिल्या पिढीतील कार-टी पेशी लक्ष्याला चिकटत, मारत आणि लवकरच थकून जात. निसर्गतः टी-पेशीला कामाला लागण्यासाठी एक नव्हे तर दोन इशारे लागतात, ही गोष्ट त्या रचनेत राहून गेली होती. दुसरा इशारा देणारा '४-१बीबी' किंवा 'सीडी२८' या प्रथिनाचा अंतर्भाग ग्राहीच्या आतल्या टोकाशी जोडल्यावर पेशी रुग्णाच्या शरीरात वाढू लागल्या, कित्येक महिने टिकू लागल्या, आणि तेव्हा कुठे हा उपचार प्रयोगशाळेच्या बाहेर पडला. अमेरिकेत २०१२ साली फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयात ल्युकेमिया वारंवार उलटलेल्या एका लहान मुलीला तो देण्यात आला आणि ऑगस्ट २०१७ मध्ये तेथील औषध प्रशासनाने पहिल्या कार-टी उपचाराला मान्यता दिली. त्याची किंमत, रुग्णालयाचा खर्च वगळून, पावणेपाच लाख डॉलर ठेवण्यात आली.

भारतात ही विद्या आली ती विकत घेऊन नव्हे. पवईच्या आयआयटी मुंबईत जैवविज्ञान व जैवअभियांत्रिकी विभागातील प्राध्यापक राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेने ग्राहीची रचना केली, आणि नवी मुंबईत खारघर येथे असलेल्या टाटा मेमोरियल सेंटरच्या 'अ‍ॅक्ट्रेक' या संस्थेतील डॉक्टरांनी ती रुग्णांपर्यंत नेली, डॉ. गौरव नरुला आणि डॉ. हसमुख जैन ही त्यांतील प्रमुख नावे. बायरॅक या केंद्रीय संस्थेने पहिल्या मानवी चाचणीसाठी १९.१५ कोटी रुपये मंजूर केले, आणि ४ जून २०२१ रोजी अ‍ॅक्ट्रेकच्या अस्थिमज्जा प्रत्यारोपण विभागात देशातील पहिला कार-टी उपचार झाला. त्या पेशी पवईत तयार झाल्या होत्या आणि खारघरला दिल्या गेल्या. उपचारासाठी हाच विभाग निवडला जाणे स्वाभाविक होते, कारण प्रतिकारशक्ती काही आठवडे जवळपास शून्यावर गेलेला रुग्ण सांभाळण्याचा सराव प्रत्यारोपण करणाऱ्यांनाच असतो, आणि डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ मध्ये परळच्या टाटा रुग्णालयात पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण केल्यापासून हा सराव या संस्थेत मुरलेला आहे.

प्रत्यक्ष कृती अशी. रुग्णाचे रक्त काही तास एका यंत्रातून फिरवले जाते. यंत्र पांढऱ्या पेशी तेवढ्या वेगळ्या काढून बाकीचे रक्त दुसऱ्या नळीने परत देते. त्यांतील टी-पेशींना प्रतिपिंड लावलेल्या सूक्ष्म मण्यांच्या स्पर्शाने जागे केले जाते आणि मग त्यांच्यात ग्राहीचे जनुक सोडले जाते. हे जनुक वाहून नेणारा लेंटिव्हायरस हा एचआयव्हीच्याच घराण्यातील, रोग माजवणारी आणि स्वतःची संख्या वाढवणारी जनुके काढून टाकलेला विषाणू असतो. एड्सच्या विषाणूकडून असे काम करवून घेतले जाईल हे चार दशकांपूर्वी कोणाला सांगून पटले नसते. त्यानंतर पेशी वाढवल्या जातात, निर्जंतुकता तपासली जाते, एका पेशीत वाहकाच्या सरासरी किती प्रती शिरल्या आहेत हे मोजले जाते, आणि पिशवी गोठवली जाते. इकडे रुग्णाला फ्लुडाराबिन आणि सायक्लोफॉस्फामाइड ही औषधे देऊन त्याच्या मूळ लसिकापेशी कमी केल्या जातात, जेणेकरून नव्या पेशींना वाढायला जागा मिळावी. पिशवी खाटेजवळच वितळवून काही मिनिटांत शिरेवाटे दिली जाते. आठवडेच्या आठवडे चाललेल्या कामाचा शेवट इतका साधा असतो, की नातेवाइकांना तो रक्त चढवण्यापेक्षा वेगळा वाटत नाही.

खरी परीक्षा पुढच्या दिवसांत होते. कार-टी पेशींना लक्ष्य सापडले की त्या झपाट्याने वाढतात, संदेशवाहक प्रथिनांचा पूर येतो, ताप चढतो, रक्तदाब उतरतो, श्वासाला ऑक्सिजन कमी पडू लागतो. याला सायटोकाइन रिलीज सिंड्रोम म्हणतात. फिलाडेल्फियातील ती मुलगी याच अवस्थेत अत्यवस्थ झाली असता संधिवातासाठी वापरले जाणारे टोसिलिझुमॅब हे औषध देऊन तिला वाचवण्यात आले आणि तेव्हापासून ते औषध हाताशी ठेवल्याशिवाय हा उपचार केला जात नाही. पवईच्या संशोधकांनी ग्राहीचा चिकटणारा भाग मूळच्या उंदराच्या प्रतिपिंडाऐवजी मानवी प्रथिनाशी मिळताजुळता केला. अशा पेशी संदेशवाहक प्रथिने बेताने सोडतात आणि ही प्रतिक्रिया सौम्य राहते, असे त्यांचे म्हणणे आहे.

नेक्सकार१९ नावाच्या या उपचाराला केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी दिली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पवईत त्याचे लोकार्पण केले. 'लॅन्सेट हिमॅटॉलॉजी'त २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ६४ रुग्णांचा समावेश होता, आणि मूल्यमापन करता आलेल्यांपैकी ७३ टक्के रुग्णांत रोग मागे हटला. येथे 'मागे हटला' हे शब्द मोजून वापरलेले आहेत. काहींचा रोग पुढे उलटला, उपचारामुळे मृत्यूही झाले, आणि हे सारे रुग्ण इतर उपचार थकलेले होते.

किंमत तीस-चाळीस लाखांच्या घरात आली, कारण सर्वांत महागडा घटक असलेला विषाणूवाहक आयात न करता येथेच बनवला गेला आणि आयआयटीतून २०१८ मध्ये निघालेल्या इम्युनोअ‍ॅक्ट या कंपनीने पेशींचे उत्पादनही नवी मुंबईत उभे केले. अमेरिकेच्या तुलनेत हा खर्च दहा टक्क्यांच्या आसपास भरतो, आणि वर्तमानपत्रांनी त्याला 'स्वस्त' म्हटले. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत एका कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचे संरक्षण मिळते, हा आकडा शेजारी ठेवला की त्या विशेषणाचा आवाका कळतो.

आता मूळ प्रश्न. नेक्सकार१९ चे लक्ष्य असलेले सीडी१९ हे प्रथिन काही कर्करोगाचे खास चिन्ह नव्हे. ते प्रत्येक बी-पेशीवर असते, निरोगी असो वा रोगट. उपचार यशस्वी झाला म्हणजे चांगल्या बी-पेशीही जातात आणि त्यांच्या वंशातून तयार होणारी प्रतिपिंडे कमी पडतात. तरी माणूस जगतो, कारण ती उणीव दात्यांच्या रक्तातून काढलेली इम्युनोग्लोब्युलिने टोचून बऱ्याच अंशी भरून काढता येते. बी-पेशीवाचून भागते, आणि कार-टीचे आजवरचे बहुतेक यश या एका सोयीवर उभे आहे. जेथे भागत नाही तेथे काय होते हे अमेरिकेतील एका चाचणीने २०१० मध्ये दाखवले : आतड्याच्या कर्करोगाच्या रुग्णाला हर२ या प्रथिनावर रोखलेल्या पेशी देण्यात आल्या, पण ते प्रथिन अल्प प्रमाणात फुप्फुसाच्या पेशींवरही होते, आणि रुग्ण काही दिवसांत दगावला. स्तन, फुप्फुस, आतडे यांच्या घन गाठींमध्ये ही विद्या अडली आहे ती मुख्यतः येथे.

जर्मनीतील एरलांगन येथील गेओर्ग शेट यांच्या गटाने २०२१ पासून याच सोयीचा वेगळा उपयोग केला. ल्युपस या रोगात शरीराच्याच घटकांवर उठणारी प्रतिपिंडे बी-पेशींच्या वंशातूनच येतात. मग बी-पेशी मुळापासून काढल्या तर? फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या १५ रुग्णांपैकी ल्युपसच्या आठही जणांचा रोग शमला, आणि सर्व पंधरा जणांची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे बंद करता आली. काही महिन्यांनी बी-पेशी परतल्या, पण त्या नव्या, कोऱ्या होत्या. रोग त्यांच्यासोबत परतला नाही. पंधरा हा आकडा लहान आहे. शिवाय जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकी प्रशासनाने या उपचारानंतर क्वचित टी-पेशींचाच कर्करोग उद्भवू शकतो असा इशारा औषधांवर छापायला लावला. मृत्यू समोर असलेल्या ल्युकेमियाच्या रुग्णाने हा धोका पत्करणे आणि ल्युपस असलेल्या पंचविशीतील तरुणीने तो पत्करणे, या दोन गोष्टी एका तराजूत घालता येत नाहीत.

विषाणूंच्या बाबतीत इतिहास उलटा आहे. रुग्णांवर वापरलेल्या पहिल्यावहिल्या कार-टी पेशी कर्करोगासाठी नव्हे, तर १९९० च्या दशकात एचआयव्हीसाठी होत्या. ग्राहीच्या बाहेरच्या टोकाला सीडी४ हे प्रथिन, म्हणजे विषाणू ज्या दाराने आत शिरतो तेच दार, बसवले होते. त्या पेशी सुरक्षित ठरल्या, काहींच्या शरीरात दहा वर्षांहून अधिक टिकल्याही, पण विषाणू हटला नाही, कारण निद्रिस्त एचआयव्ही पेशीच्या पृष्ठभागावर काहीच खूण ठेवत नाही. याउलट प्रत्यारोपणानंतर डोके वर काढणाऱ्या एप्स्टाइन-बार विषाणूशी लढायला दात्याच्या, नवा ग्राही न बसवलेल्या, फक्त त्या विषाणूची ओळख पटवून वाढवलेल्या टी-पेशी पुरतात. अशा पेशींच्या तयार औषधाला युरोपने डिसेंबर २०२२ मध्ये मान्यता दिली. एका दात्याच्या पेशी अनेकांना कशा चालतात आणि रुग्णाचे शरीर त्यांना परके मानून हाकलत का नाही, याचा विचार पुढील लेखांकात.