नाटकाची वही कोणत्या कपाटात?

मराठी सूचीकार्याचा विषय निघाला की शंकर गणेश दाते यांना आधी नमस्कार करावा लागतो. १८०० ते १९३७ आणि नंतर १९३८ ते १९५० या काळातले छापील मराठी त्यांनी अपार जिद्दीने नोंदवले. ते ऋण मानूनच म्हणतो, आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीचे बरेचसे वाङ्मय त्या सूचीत येणे शक्यच नव्हते, कारण ते छापखान्यात कधी गेलेच नाही. पुढे १९६७ चा ग्रंथालय कायदा आला, वाचनालयांचे अ, ब, क, ड वर्ग पडले, ग्रंथसंख्येवर अनुदान बेतले गेले आणि दाखल नोंदवह्या भरत राहिल्या. तालिकेच्या दृष्टीने त्या काळाबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

विचाराला खरे वळण मिळाले १९९८ मध्ये. ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने नोंदीचा नवा आराखडा मांडला: आधी कृती, मग तिची रूपे, मग त्या रूपांच्या आवृत्त्या आणि शेवटी हातातली प्रत. साने गुरुजींची १९३५ ची ‘श्यामची आई’ आणि अत्र्यांचा १९५३ चा चित्रपट वाचकाला एकाच ठिकाणी दिसले पाहिजेत, एवढे साधे ते आहे.

आमच्याकडे याची गरज पुण्या-मुंबईपेक्षा जास्त आहे. इंग्रजांविरुद्ध उठलेले गोंड वीर बाबुराव शेडमाके यांचेच घ्या. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, तुरुंगात त्यांना फाशी झाली. त्यांची गोष्ट गोंडी गाण्यांत आहे, चरित्रांत आहे, टपाल तिकिटावरही आहे. चरित्र एका कपाटात जाते, गाणी लोकसाहित्याच्या ३९८ या वर्गांकाखाली आणि तिकीट कुठेच नाही. बाबुरावांच्याच मोलमपल्लीचा पोरगा वाचनालयात येऊन त्यांच्याबद्दल विचारतो तेव्हा त्याला एक पुस्तक मिळते, बाकीचे सगळे हरवल्यासारखेच.

पण माझा जीव अडकला आहे तो नाटकात. दिवाळी सरली की मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू होतात. दिवसा शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री नाटक. दंडार आणि खडी गंमत या जुन्या लोकनाट्यांच्या मुळांवर उभी राहिलेली ही रंगभूमी रात्री सुरू होते ती उजाडेपर्यंत चालते. वडसा हे तिचे मोठे ठाणे. या रंगभूमीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा बाहेरच्या अनेकांना तिचे नाव पहिल्यांदा कळले. या नाटकाचा कणा असतो संवाद सांगणारा प्रॉम्प्टर. तालमीला फारसा वेळ नसतो, नट आज या गावी, उद्या त्या गावी. त्यामुळे नाटक खऱ्या अर्थाने प्रॉम्प्टरच्या वहीत राहते.

अशी एक वही माझ्याकडे आली होती. शाळेची दोनशेपानी, पुठ्ठ्याला सुतळीने शिवलेली. संवाद निळ्या शाईत, गाण्यांची धृपदे लाल शाईत, समासात पेन्सिलीने त्या त्या रात्रीच्या नटांची नावे. एक अख्खा प्रवेश काट मारून मागल्या पानावर नव्याने लिहिलेला. म्हणजे एकाच वहीत नाटकाची दोन रूपे! मी नाटकाच्या नावाने एक मुख्य नोंद केली आणि तिच्याखाली वही, प्रयोगाचे पत्रक, गाण्यांची कॅसेट आणि पुढे निघालेली सीडी, अशा वेगळ्या ओळी घातल्या. लेखक, दिग्दर्शक, प्रॉम्प्टर, ऑर्गनवादक या सगळ्यांना स्वतंत्र नामनोंद दिली. पत्रकांनी एक धडा शिकवला: जुन्यांवर वडसा चंद्रपूर जिल्ह्यात, १९८२ च्या जिल्हा विभाजनानंतरच्यांवर गडचिरोलीत. दोन्हींचा परस्पर संदर्भ दिला नाही, तर एकच गाव सूचीत दोन ठरते.

यावर काही विद्वान म्हणतात, या नाटकांना वाङ्मयीन मूल्य नाही, तालिका कशाला फुगवायची? ग्रंथपालाने मूल्य ठरवायचे नसते, शोधणाऱ्याला वाट दाखवायची असते. दुसरा पक्ष तरुणांचा. सगळे स्कॅन करा, शोधयंत्र शोधेल, असे ते म्हणतात. काट मारलेला प्रवेश कोणाच्या सांगण्यावरून गेला आणि कोणत्या हंगामात, हे कोणते यंत्र सांगणार? ते प्रॉम्प्टर सांगतो, तोही जिवंत आहे तोवर.

आज तयार नोंदी बाहेरून उतरवून घ्यायची सवय लागली आहे. मुंबई-पुण्यात छापलेल्या कादंबरीची नोंद क्षणात मिळते. वडशाच्या नाटकाची नोंद कुठेच नसते, म्हणून ते नाटकच नसल्यासारखे. लेखक गेला की घरचे लोक वह्या रद्दीत घालतात. आता प्रयोग यूट्यूबवर चढतात, पण चित्रफितीखाली बहुतेकदा नाटक मंडळाचे नाव आणि संपर्क क्रमांक एवढेच असते. लेखक कोण, हे शोधायला शेवटची श्रेयनामावली ऐकत बसावे लागते.

रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र ज्या नाटकांनी घेतले, त्यांची संहिता मंडळाकडे गेलेली असते. गोंडवाना विद्यापीठाने त्या यादीपासून सुरुवात करावी. गावच्या वाचनालयांनी तेवढी वाट पाहू नये. यंदाच्या मंडईत प्रत्येक नाटकाचे एक पत्रक मागून घ्यावे, मागे तारीख, गाव आणि प्रॉम्प्टरचे नाव लिहावे आणि त्याला दाखल अंक द्यावा.